समोरच्या बेंचवरची ताई

५ सप्टेंबर

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की तू वाचणारच. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तू फेकत नाहीस.

तर बातमी अशी, की मला नवा क्लब मिळाला. ज्या गुडघ्याला तू निरोप दिलास, तो माझ्यासकट इथे कामाला लागलाय. बास्केटबॉलची लीग तीच आहे, फक्त गुणतक्त्यात आम्ही तुमच्या बरेच खाली, जिथे लोक बघत नाहीत तिथे. म्हणजे वर्षातून दोनदा आपली गाठ पडणार. आधी तुमच्या हॉलमध्ये, मग आमच्या. कॅलेंडर बघून ठेव.

मला काढलंस याचा राग नाही. नाही, खोटं कशाला, आहे. पण ज्या आवाजात काढलंस त्याचा जास्त आहे. टेबलाच्या पलीकडे संघाची प्रशिक्षक म्हणून तू, शिवाय मॅनेजर आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणत होते, जपून खेळली तर गुडघा अजून दोन-तीन वर्षं सहज चालेल. मॅनेजर तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, "पुरे आता. झालं तिचं." लहानपणी पाण्यात फार वेळ डुंबले की मला बखोटीला धरून बाहेर काढताना तुझा हाच आवाज असायचा. तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता पस्तिशीची आहे, आणि कधी पुरे ते मी ठरवणार. त्या दिवशी तोंडाने बोलता आलं नाही म्हणून आता लिहून कळवते.

आमचा हॉल बघशील तर नाक मुरडशील. सकाळी तिथे बॅडमिंटनवाले असतात. जमिनीवर इतक्या रंगांच्या रेघा, की नव्या मुलीला आपलं मैदान कुठलं हे कळायला आठवडा जातो. आमचे सर पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, ते अजून अंगातून गेलेलं नाही. टाइमआउटमध्ये ओरडतात, "उत्तरेकडून आत घुसा!" आणि आम्ही सगळ्या एकमेकींची तोंडं बघतो.

संघात एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे, दारातून वाकून आत येते. सगळे तिला शिडी म्हणतात. पहिल्या दिवशी तिने मला 'मावशी' म्हणून हाक मारली. मी तिला सरावात दोनदा उताणी पाडली. आता ताई म्हणते. हे जरा लागलं, कारण तो शब्द आपल्या घरात तुझा आहे.

तुझी,
धाकटी

२२ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक. आई म्हणाली की पत्र मिळालं, आणि तू ते दारातच उभं राहून वाचलंस, चपलासुद्धा न काढता. आईला आपण दोघींनी पोस्टमन करून टाकलंय. परवा वैतागून म्हणाली, "एकीला शिंक आली की दुसरी मला फोन करते. तुमची तोंडं काय भाड्याने दिलीत का गं?"

गुडघा छान आहे. अगदी छान. बर्फ लावते, तो आपला सवयीने. जिना उतरताना कठड्याला हात लावते, तोही सवयीने.

सामना अर्धा झाला की सर मला मैदानात उतरवतात. तोवर समोरच्या मुली दमलेल्या असतात आणि मी ताजीतवानी. त्या पळतात, मी चालते, आणि तरी त्यांच्या आधी पोचते. पूर्वी मीही उगाच पळायचे. वय झालं की एक चांगलं होतं बघ, कुठे पळायचं नाही ते कळतं. आम्ही तळातून मधल्या फळीत आलोय. तू गुणतक्ता बघतेस हे मला माहीत आहे, आईने तेही सांगितलं.

आता मुद्द्याचं. पंधरवड्यापूर्वी सरांनी विचारलं, "तुझ्या बहिणीच्या खुणा तुला माहीत असतील ना?"

मी म्हणाले, "माहीत कसल्या, निम्म्या मीच काढल्यात."

आठवतं ना? गल्लीतल्या पोरांविरुद्ध आपण दोघीच. त्यांना कळू नये म्हणून कॉलर ओढली की लांबून थ्रो, कान खाजवला की परत पास. आणि तू मनगटावरचं घड्याळ फिरवलंस, की मी दोन पावलं तुझ्याकडे यायचं, पोरगं फसून मागे आलं की गर्रकन वळून रिंगखाली घुसायचं, हात वर. बॉल हातात येऊन पडायचा. तेव्हा तुझ्याकडे घड्याळ नव्हतंच, नुसतंच मनगट फिरवायचीस. पुढे त्याच खुणा तू मोठ्या संघात आणल्यास, आधी खेळाडू म्हणून आणि मग प्रशिक्षक म्हणून, आणि लोक त्यांना तुझं डावपेचशास्त्र म्हणायला लागले. मला हसू यायचं.

तर मी सरांना सांगितल्या. घड्याळाची तेवढी सोडून सगळ्या, प्रात्यक्षिकासह; ती आपल्या दोघींचीच राहू दे. राग आला असेल तर येऊ दे. हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि तुझ्या धंद्यात तू मला सूट दिली नाहीस. शिवाय सरांना हेही बजावलं, की ती खुणा बदलणार. ताकही फुंकून पिणारी बाई आहे ती. पण सरांचा विश्वास नाही बसला. संघाचा दोन आठवडे तोच सराव चाललाय. शिडी झोपेतसुद्धा कान खाजवते म्हणे.

भेटूच.

धाकटी

१४ डिसेंबर

ताई,

कालचा सामना तुम्ही जिंकलात. अभिनंदन. आता खरं काय झालं ते आपण दोघी बोलू, कारण ते त्या भरल्या हॉलमध्ये आपल्या दोघींनाच कळलंय.

पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आलं, एकही जुनी खूण शिल्लक नाही. तू कपाळाला हात लावायचीस आणि भलतंच काहीतरी घडायचं. सर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांना चुकीचा नकाशा विकला. मग आम्ही खुणांचा नाद सोडला आणि सरळ खेळलो, आणि सरळ खेळून पुढे गेलो. शेवटचे काही सेकंद. आम्ही एका गुणाने वर. बॉल तुमच्याकडे. माझ्यासमोर तुझी ती शेपटा उडवणारी, लांबून थ्रो मारणारी. तिला सोडायचं नाही, एवढंच माझं काम.

तू बेंचवरून उठलीस आणि मनगटावरचं घड्याळ फिरवलंस.

तुझ्या मुली तुझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कोण सांगणार त्याचा अर्थ! अख्ख्या हॉलमध्ये तो एकीलाच माहीत होता, आणि ती समोरच्या संघात होती. माझ्या डोक्यात काही यायच्या आत पाय निघाले. दोन पावलं तुझ्याकडे, डाव्या पायावर गर्रकन वळले, थेट रिंगखाली, हात वर. पास मागायला! तोही तुझ्या संघाकडून! इकडे शेपटी एकटीच उभी. तिने निवांत थ्रो मारला. तीन गुण, आणि भोंगा.

माझा हात अजून वरच होता. सगळ्यांना वाटलं, हिचा गुडघा गेला, मदत मागतेय. आमची फिजिओ बर्फाची पिशवी घेऊन धावत आली आणि मला जमिनीवर बसवायला लागली. मी म्हणतेय, अगं, काही झालं नाही. ती म्हणतेय, बोलू नका, श्वास घ्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. आजच्या पेपरात छापलंय, 'जुन्या गुडघ्याने दगा दिला.'

मी तुझ्याकडे बघितलं. तू तोंडावर हात ठेवला होतास. मला वाटलं हसतेयस. मग हात काढलास, तर चेहरा पांढराफटक. तेवढ्यात तुझ्या मुलींनी तुला उचलून घेतलं.

पण एक सांगते, ताई, आणि हे सांगताना मला जाम मजा येतेय. सामना हातचा चाललेला, बेंचवर तरण्याताठ्या मुली ओळीने बसलेल्या, आणि अशा वेळी तुझ्या हाताला आठवलं कोण? तूच काढून टाकलेली. तू मला हाक मारलीस. आणि मी मुकाट्याने आले. आता बोल.

धाकटी

९ जानेवारी

ताई,

बोलली नाहीस. मजा आता थोडी कमी झालीय, म्हणून जरा सरळ लिहिते.

क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी ऑफिसात बोलावलं. सरही होते. डॉक्टरांनी गुडघा तपासून तो ठीक असल्याचं सांगितलं होतं. मला वाटलं, संपलं. पण तिथेच घोडं अडलं.

"गुडघा ठीक आहे, मग तुम्ही तुमची खेळाडू सोडून का गेलात?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"बहिणीने बोलावलं."

"कुणाच्या बहिणीने?"

"माझ्या. समोरच्या प्रशिक्षक. तिने खूण केली, पाय गेले."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट बाई नाहीत. "हे बघा, इतकी वर्षं खेळलेली बाई असं करते हे मी समितीला सांगितलं तर समिती मला हसेल. त्यापेक्षा दोनच गोष्टी पटतात. एक तर गुडघा मधूनच दगा देतो आणि तुम्ही ते डॉक्टरांपासून लपवताय. नाहीतर तुम्ही बहिणीसाठी सामना सोडलात. यातलं मी काय समजू?"

मी म्हणाले, "तिसरं समजा. तेच खरं आहे."

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना माझं पटावंसं वाटत होतं, पण पटत नव्हतं. ज्या माणसाने मला तुझ्या खुणा विचारल्या, दोन आठवडे त्यांचा सराव घेतला, आणि सामन्यात त्यातली एकही दिसली नाही, त्याने तरी माझ्यावर किती विश्वास ठेवावा? समितीची बैठक महिनाअखेरीला आहे. तोवर मी सराव करायचा, खेळायचं नाही. बैठकीत ठरेल करार ठेवायचा की मोडायचा. असा मोडला तर पुढे कुठलाच क्लब दारात उभा करणार नाही. दुखरा गुडघा एक वेळ चालतो गं लोकांना, सामना सोडणारी बाई नाही चालत. म्हणजे माझं कधी पुरे, हे पुन्हा एका टेबलाच्या पलीकडची माणसं ठरवणार.

एकट्या शिडीचा विश्वास बसला. म्हणाली, "ताई, मला पटतंय. माझी आई नुसती खाकरली तरी मी अजून अभ्यासाला बसते."

मी तुला साक्षीला बोलवत नाहीये. अजिबात नाही. तू बोललीस तर तुझ्याच क्लबला कळेल, की ऐन वेळी तू काढून टाकलेल्या खेळाडूला खूण करत होतीस. तुझी शोभा होईल. मी फक्त कळवतेय. पाकिटाच्या मागे सरांचा फोन नंबर लिहिलाय, तो पाकीट जरा रिकामं दिसत होतं म्हणून.

धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस आणि माझ्या सरांना फोन करतेस. शाब्बास!

सरांनी काल सरावानंतर मला सामानाच्या खोलीत बोलावलं. उलट्या टाकलेल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीचा फोन होता. बोलायची पद्धत अगदी तुझ्यासारखी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट सुरुवात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "घड्याळ मी फिरवलं. माझ्या संघात ती खूण नाहीच. ती फक्त तिची आहे."

सरांनी विचारलं, "मग केलीत कशाला?"

"हात गेला."

"आणि गुडघ्याचं काय?"

यावर म्हणे तू चिडलीस. "तुम्ही तो वळसा नीट बघितलात का? डाव्या पायावर, एवढ्या वेगात? दुखऱ्या गुडघ्यावर असा वळसा घेता येतो का? तिचं झालं असं मी म्हणाले होते. ते माझं चुकलं. तुमच्या समितीला सांगा, नाहीतर मी येऊन सांगते."

आणि तू खरंच आलीस. सेक्रेटरीबाई सांगत होत्या, आलीस, उभ्या उभ्या बोललीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मला न भेटता गेलीस. समितीला हसू आलं, पण त्यांना पटलं. मी शनिवारपासून खेळतेय.

फोनवर तू सरांना आणखी एक सांगितलंस, आणि तिला सांगू नका म्हणालीस. सर भूगोलाचे मास्तर, पोटात काही राहत नाही. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा पडले, गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, तेव्हाही तू घड्याळ फिरवलं होतंस. मला ते लक्षातसुद्धा नव्हतं. त्या दिवसानंतर तू ती खूण बंद केलीस. "मी बोलावलं आणि ती पडली," असं म्हणालीस.

वेडी आहेस का गं तू? चार वर्षं हे उराशी धरून बसलीस? माझ्या बुटाचा तळ गुळगुळीत झाला होता आणि ती धिप्पाड पोरगी आडवी आली होती. तुझ्या मनगटाचा काय संबंध? मला वाटत होतं, तुला मी म्हातारी वाटते. रोज आरशासमोर उभी राहून मी तुझ्याशी भांडत होते, की बघ, कुठे आहे म्हातारी? आणि तू मात्र मी पुन्हा पडेन म्हणून घाबरून बसली होतीस.

सर गेल्यावर मी तिथेच बॉलच्या जाळ्यांना टेकून रडले. चांगली मोठ्याने. शिडी दारातून वाकून बघून गेली.

राग गेला. बराचसा. थोडा ठेवलाय, कारण घाबरायचं तू आणि बाहेर बसायचं मी, हा कुठला न्याय? विचारायचं होतंस ना एकदा. मी सांगितलं असतं, की पडायची भीती मलाही वाटते, रोज, बूट घालताना. वाटते आणि मी नाडी बांधते.

एप्रिलमध्ये तुम्ही आमच्याकडे येताय. तुझे आभार मी तुम्हाला हरवून मानणार आहे.

धाकटी

१७ एप्रिल

ताई,

आभार पोचले असतील.

आई म्हणते, तू अजून गप्पच आहेस. म्हणून सगळं पुन्हा लिहून काढते. तू तिथे होतीस, पण त्या शेवटच्या मिनिटात तू कुठे होतीस हे तुला तरी माहीत आहे का, मला शंका आहे.

सबंध सामनाभर तू हात जॅकेटच्या खिशात घालून उभी होतीस. तुझ्या मुली बिचाऱ्या तुझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत होत्या. मला इतकं हसू येत होतं, की एक सोपा पास हातातून सुटला. शिडीने तुमच्या उंच मुलींना रिंगच्या आसपास फिरकू दिलं नाही. ती पुढे मोठी खेळाडू होणार, तू तिच्यावर डोळा ठेवू नकोस, आधीच सांगते.

शेवटी बरोबरी. बॉल माझ्याकडे. सर ओरडले, "पश्चिमेकडून!" आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं पश्चिम कुठे आहे. मी डावीकडून घुसले. शेपटी आडवी आली, माझा पाय तिच्या पायात अडकला, आणि मी आडवी. डाव्या गुडघ्यावर. आवाज मोठा झाला, हे खरं आहे. बॉल सुटला, तो शिडीने उचलला. खेळ चालूच होता. पंचांची शिट्टी झाली नव्हती.

मी डोळे उघडले तर तू.

मैदानात. रेघ ओलांडून, पंचाला चुकवून, दहा खेळाडूंच्या मधून धावत आलेली, माझ्या गुडघ्याला धरून बसलेली. "लागलं का? हलव बघू. हलतोय का? बोल ना गं!"

मी म्हणाले, "ताई, बाहेर हो. टेक्निकल फाउल देतील तुला."

"देऊ देत. हलव आधी."

मी हलवला. हलला. आणि तेव्हा शिट्टी वाजली. पंच दोन्ही हातांनी टेक्निकल फाउलची खूण करून उभा, आणि तुला अजून कळलेलं नाही की तो तुझ्याबद्दल आहे. सगळा हॉल उठून उभा राहिला होता. लीगमध्ये कुणीही पाहिलं नसेल असं, की एका संघाची प्रशिक्षक दुसऱ्या संघाच्या खेळाडूचा पाय चोळतेय.

तुला धरून बेंचवर नेलं. आम्हाला एक फ्री थ्रो. सर म्हणाले, "शिडी मारेल." मी म्हणाले, "नाही सर, हा घरचा आहे."

रेघेवर उभी राहिले. तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित चुकवला असता, आणि चुकवला असता तर तू मला जन्मात माफ केलं नसतंस. बॉल दोनदा आपटला, श्वास सोडला, मारला. रिंगला न लागता गेला, ताई. नुसती जाळी हलली. उरलेला वेळ आम्ही बॉल हातात धरून काढला. एका गुणाने जिंकलो.

तुझ्या क्लबने तुला बोलावून जाब विचारला, हे आईकडून कळलं. इतकी वर्षं प्रशिक्षक आहात, नियम माहीत नाहीत का, खेळ चालू असताना मैदानात कशा गेलात. तू एवढंच म्हणालीस म्हणे, "बहीण पडली." आई हे सांगताना दोनदा थांबली. मी ऐकताना चारदा.

इथे मला पुढच्या वर्षाचा करार मिळाला आणि मी सही केली. सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "किती वर्षं?" मी म्हणाले, एकच द्या, दर वर्षी मी स्वतः येऊन सांगेन. तुझ्या मॅनेजरचाही फोन आला होता, परत येता का म्हणून. तुझ्या सांगण्यावरून होता हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. नाही येणार. मी इथे बरी आहे, तुझ्या समोर.

तेव्हा ऐक. पुढच्या वर्षीही मी डावीकडून घुसणार आहे, आणि कधी ना कधी पुन्हा पडणार आहे. खेळणारी माणसं पडतात. पडले की मी आधी गुडघा हलवून बघेन, मग तुझ्याकडे बघेन, आणि मग उठेन. तेवढा वेळ तू जागेवर बसायला शीक. नाही जमलं तर ये धावत, फ्री थ्रो मी घालीनच.

तुझी,
धाकटी